हा प्रश्न देवाने विचारलेलाच नाही

पत्राचा सारांश : पत्रलेखिका तिशीतल्या आहेत, शाळेत शिकवतात, लहानपणापासून ख्रिस्ती मंडळीत वाढल्या आहेत. वर्षभरापूर्वी एका शिबिरात त्यांनी एक संदेश ऐकला. देवाकडून काही मिळावे म्हणून जो देवावर प्रीती करतो तो भक्त नव्हे, गिऱ्हाईक, असा त्याचा आशय. शेवटी वक्त्याने विचारले, ‘स्वर्ग नसता, आशीर्वाद नसता, मनाला शांतीही मिळाली नसती, तरी तू देवावर प्रीती केली असतीस का?’ बाईंना मनापासून ‘हो’ म्हणता आले नाही. तेव्हापासून त्या स्वतःची प्रत्येक प्रार्थना तपासत बसतात. स्वतःसाठी काही मागणे त्यांनी बंद केले. गायकवृंदही सोडला, कारण गाताना फार आनंद व्हायचा आणि तो देवासाठी आहे की स्वतःसाठी, हे ठरवता येईना. आता मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी त्यांना नोकरी सोडून एका ख्रिस्ती संस्थेत पूर्णवेळ सेवेला बोलावले आहे. काम बहुतेक कार्यालयातले. मन तिकडे अजिबात ओढ घेत नाही, शिकवणे मात्र जीव की प्राण. त्या लिहितात, ‘मला आवडते ते माझे सुख, आणि जे नकोसे वाटते तीच देवाची इच्छा असणार, हो ना? मग मी नाही कसे म्हणू?’

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीतल्या ‘हो ना?’पासून सुरुवात करते. तिथे माझी मान डोलावी अशी तुमची अपेक्षा दिसते. ती डोलणार नाही.

तुम्ही नकळत एक हिशेब मांडला आहे. माझा आनंद जितका वाढेल, तितकी देवावरची प्रीती खोटी. आनंद जितका आटेल, तितकी ती खरी. गाणे सोडले, मागणे सोडले, आता शिकवणे सोडायची वेळ आली आहे, ती सगळी या एकाच हिशेबातून. पण तो आला कुठून? तुम्हाला तो पवित्र शास्त्रातून आलासा वाटतो. मला तसे दिसत नाही.

आधी त्या संदेशाबद्दल. वक्त्यांवर मी रागावलेली नाही. ‘एवढे दान पेरा, तेवढ्या पटीने आशीर्वाद कापा’ अशी शिकवण मंडळ्यांमंडळ्यांतून ऐकू येते, आणि तिला कोणीतरी खडसावायलाच हवे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूनेही खडसावले आहे. पाच हजारांना पोटभर जेवू घातल्यावर दुसऱ्या दिवशी तोच जमाव त्याला शोधत आला, तेव्हा त्याने तोंडावर सांगितले, की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझ्यामागे आला आहात. संदेश अशा लोकांसाठी होता. तो ऐकून ते बहुधा निवांत घरी गेले असतील, आणि दुसऱ्याच्या नावाने लिहून दिलेले औषध तुम्ही मात्र वर्षभर घेत राहिलात. ज्यांचे मन आधीच हळवे असते त्यांच्या बाबतीत हे नेहमी होते. ज्याला बोलायचे तो ऐकत नाही आणि ज्याला बोललेले नाही तो जिव्हारी लावून घेतो.

त्याच अध्यायातली आणखी एक गोष्ट मात्र त्या संदेशात आली नसावी. येशूने त्यांना आधी जेवू घातले होते. हेतू शुद्ध आहेत का, हे तपासून मग भाकरी वाटल्या नव्हत्या.

आता तो प्रश्न : ‘काहीच मिळाले नसते तरी प्रीती केली असतीस का?’ पवित्र शास्त्रात हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत आहे. ईयोबाच्या पहिल्याच अध्यायात, नवव्या वचनात : ईयोब देवाचे भय काय फुकट बाळगतो? पण तो विचारतो कोण, ते पाहा. सैतान. देव नव्हे. पहिल्या दोन अध्यायांत हा वाद रंगतो, मग सर्वस्व गमावलेला ईयोब राखेत बसतो, मित्र येतात, पानेच्या पाने बोलणी होतात, आणि 38व्या अध्यायापासून स्वतः देव बोलू लागतो. पृथ्वीचा पाया, समुद्राचे दरवाजे, पहाटेचे तारे, रानटी गाढव, शहामृग, घोडा... कशाकशाविषयी तो विचारतो! ‘तू माझ्यावर फुकट प्रीती करतोस का’ हे मात्र एकदाही विचारत नाही. ईयोबाला तर असा काही वाद झाला होता याचा शेवटपर्यंत पत्ताच लागत नाही. तो आपल्या भक्तीचा हेतू तपासत बसत नाही. तो रडतो, भांडतो, जाब विचारतो, मरण मागतो, न्याय मागतो. मागतो म्हणजे किती मागतो! आणि 42व्या अध्यायात देव त्याच्या मित्रांना सांगतो, की माझ्याविषयी यथार्थ बोलला तो माझा सेवक ईयोब, तुम्ही नव्हे.

पुढे तर आणखी गंमत आहे. ईयोबाची आधी 7,000 मेंढरे होती, शेवटी 14,000 होतात. 3,000 उंटांचे 6,000 होतात. ज्या पुस्तकाची सुरुवात ‘फुकट की मोबदल्यासाठी’ या वादाने झाली, त्याच्या शेवटी देव भरभरून देऊन टाकतो. आता ईयोब याला मोबदला समजेल, बक्षीस समजेल, अशी चिंता देवाला पडलेली दिसत नाही. (या शेवटावर काही वाचक नाराज असतात, गेलेली मुले नंतर मिळालेल्या मुलांनी भरून निघतात का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण तो वेगळा विषय.)

म्हणजे वर्षभर तुम्ही जो प्रश्न प्रार्थना समजून जपत आहात, तो शास्त्रात आरोप करणाऱ्याच्या तोंडी आहे. देवाने ईयोबाला तो विचारला नाही. पेत्रालाही नाही. येशूला तीनदा नाकारून लाजलेल्या पेत्राला पुनरुत्थित प्रभूने सरोवराच्या काठी विचारले, ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय?’ तीनदा विचारले. ‘का करतोस’ असे एकदाही नाही. आणि प्रत्येक उत्तरानंतर पेत्राच्या अंतःकरणाची झडती घेण्याऐवजी त्याला काम सांगितले : माझी कोकरे चार, माझी मेंढरे पाळ.

तुम्ही म्हणाल, मुलाचे अर्पण करायला सांगून अब्राहामाची तर परीक्षा झालीच ना? झाली. पण ती देवाने घेतली आणि देवानेच थांबवली. अब्राहाम रोज सकाळी उठून आपणच आपली परीक्षा रचत नव्हता.

‘नरक मिळाला तरी मी देवावर प्रीती करीन का’ अशी टोकाची कल्पना करून पाहणारी तुम्ही पहिली नाही. 17व्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये यावरून मोठे वादळ उठले होते. काँब्रेचे आर्चबिशप फेनलों यांचे म्हणणे असे, की शुद्ध प्रीतीच्या उंचीवर पोचलेला जीव स्वतःच्या सुखाचा, अगदी तारणाचाही, स्वार्थाने विचार करत नाही. 1697 मध्ये त्यांनी ते पुस्तकरूपाने मांडले. मो या शहराचे बिशप बोस्युए त्यांच्यावर तुटून पडले : आशा हा ख्रिस्ती माणसाचा गुण आहे, तो ओलांडून पुढे जायची ही कुठली भक्ती? प्रकरण रोमला गेले आणि मार्च 1699 मध्ये पोप बाराव्या इनोसंट यांनी त्या पुस्तकातली 23 विधाने त्याज्य ठरवली. त्यांतले पहिलेच विधान असे होते, की शिक्षेची भीती आणि बक्षिसाची इच्छा यांचा लवलेशही नसलेली प्रीती ही जीवाची कायमची अवस्था असू शकते. फेनलोंनी निकाल मान्य केला. माणूस म्हणून मला ते बोस्युएपेक्षा जास्त आवडतात, पण या मुद्द्यावर निकाल बरोबर होता असे मला वाटते. आणि तुम्ही पोपना मानणाऱ्या मंडळीतल्या नसाल, तरी प्रोटेस्टंटांच्या 1647 च्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरीचे पहिलेच उत्तर पाहा. देवाचे गौरव करणे आणि सर्वकाळ त्याच्या ठायी आनंद करणे, हे त्यात माणसाच्या जगण्याचे मुख्य प्रयोजन म्हणून सांगितले आहे. या बाबतीत दोन्ही घरांचे एकमत आहे.

शास्त्रातही टोकाची दोन वाक्ये आहेत. मोशे म्हणाला, या लोकांची क्षमा होत नसेल तर तुझ्या पुस्तकातून माझे नाव खोडून टाक. पौल म्हणाला, माझ्या भाऊबंदांसाठी मी ख्रिस्तापासून अंतरलो तरी चालेल. दोघेही दुसऱ्यांसाठी जीव तुटून बोलत होते. आपली प्रीती शुद्ध आहे की नाही याचा प्रयोग म्हणून कोणी ते बोलले नाही. म्हणूनच त्या वाक्यांत स्वतःला विसरणे आहे. तुमच्या वर्षभराच्या तपासणीत, रागावू नका, स्वतःला विसरणे कुठेच नाही. तिथे सगळीकडे तुम्हीच आहात.

गायकवृंदाचे तेच झाले. गाताना आधी तुमचे लक्ष गाण्याकडे होते, ज्याच्यासाठी गायचे त्याच्याकडे होते. मग एके दिवशी तुम्ही ‘मला होणारा आनंद कोणाचा’ हे पाहू लागलात. ज्या क्षणी आनंदाकडे पाहायला वळलात, त्या क्षणी देवाकडे पाठ झाली. आनंद दोषी नव्हता, तुमचे वळणे दोषी होते, आणि शिक्षा मात्र गाण्याला झाली. पुढच्या रविवारी जा आणि आपली जागा परत घ्या. घशाला थोडा सराव लागेल, बाकी काही नाही.

पण ‘आपल्याला मिळते म्हणून’ प्रीती करणे आणि प्रीतीत काही मिळणे, यांत फरक नाही का? आहे, आणि तो बाराव्या शतकातल्या क्लेर्व्होच्या बर्नार्ड यांनी मांडला त्याहून नेमका मांडलेला मी पाहिलेला नाही. ते म्हणतात, देवावर प्रीती बक्षिसावर डोळा ठेवून करू नये. पण ती बक्षिसाशिवाय राहतही नाही. कारण ज्याच्यावर प्रीती केली तोच तिचे बक्षीस असतो. पैशासाठी प्रीती केली तर पैसा मिळाल्यावर प्रीतीचे काम संपते. देव हवा म्हणून प्रीती केली तर मिळण्यातच ती वाढते. म्हणून ‘मला काही हवे आहे का’ यापेक्षा ‘मला काय हवे आहे’ हे विचारा. आसाफाच्या 73व्या स्तोत्रात दुष्टांची भरभराट पाहून कुढणारा माणूस शेवटी म्हणतो, की देवाजवळ जाणे यातच माझे कल्याण आहे. ‘माझे’ म्हणतो. तो ‘मी’ पुसत नाही, त्याची भूक बदलते.

बर्नार्ड यांनी प्रीतीच्या चार पायऱ्याही सांगितल्या आहेत. माणूस आधी स्वतःसाठी स्वतःवर प्रीती करतो. मग गरजेपोटी देवाकडे येतो आणि स्वतःसाठी देवावर प्रीती करतो. तिथे राहता राहता देवाची गोडी लागते आणि देवासाठीच देवावर प्रीती करू लागतो. तुम्हाला वाटेल, झाले, हेच शिखर. नाही. चौथी पायरी आहे देवासाठी स्वतःवर प्रीती करण्याची. त्यांच्या मते ती या जन्मात कोणाला पुरती साधत असेल तर क्वचितच. माझ्या दृष्टीने यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. दुसऱ्या पायरीवर उभ्या असलेल्याला बर्नार्ड गिऱ्हाईक म्हणून हाकलत नाहीत; वर जायचा रस्ता तिथूनच जातो. आणि वरच्या टोकाला ‘स्वतः’ नाहीसा झालेला नाही, तो तिथे देवाच्या नजरेने पाहिला जातो. त्या शिबिरातल्या प्रश्नाला तुम्हाला ‘हो’ म्हणता आले नाही, म्हणजे तुम्ही दुसऱ्या पायरीवर असाल. बरे मग? अनेक सज्जन तिथे आयुष्य काढतात.

पेत्राचेच पाहा ना. भाकरीचा जमाव पांगला, पुष्कळ शिष्य सोडून गेले, येशूने बारा जणांना विचारले, तुम्हीही जाणार का? पेत्र म्हणाला, प्रभू, आम्ही कोणाकडे जाणार? सार्वकालिक जीवनाची वचने तर तुमच्याजवळ आहेत. तुमच्या हिशेबाने हे उत्तर नापास. गरज आहे, हवेपण आहे, दुसरीकडे जायला जागा नाही अशी कबुलीही आहे. येशूने ते धुडकावून लावले नाही.

आता ‘जे नकोसे वाटते तीच देवाची इच्छा’ या दुसऱ्या गृहीताकडे येते, कारण तुमचा निर्णय त्यावर अडला आहे. लूकच्या 15व्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला मुलगा आठवा. इतकी वर्षे राबला, एकही आज्ञा मोडली नाही, आणि या सगळ्यात आनंदाचा टिपूसही नाही. तुमच्या नियमाने त्याची सेवा अगदी शुद्ध ठरली पाहिजे. पण तोंड उघडल्याबरोबर काय बाहेर आले? हिशेब. ‘मित्रांबरोबर मजा करायला मला कधी एक करडूही दिले नाही.’ म्हणजे करडू त्याला हवे होते, वर्षानुवर्षे हवे होते. मागितले मात्र कधी नाही. बाप म्हणतो, माझे जे काही आहे ते तुझेच आहे. आनंद न घेता केलेली सेवा आपोआप निःस्वार्थ होत नाही. पुष्कळदा ती आतल्या आत वही लिहीत असते. तुम्ही मागणे बंद केले आहे, हे वाचून मला त्या मुलाची काळजी वाटली तशी तुमची वाटली.

याचा अर्थ आनंद झाला की प्रीती खरी, असे उलटे सूत्र मी देत नाही. तसे सांगणारेही आहेत, आणि ते दुःखी माणसांच्या जखमेवर मीठ चोळतात. 88वे स्तोत्र काळोखात सुरू होते आणि काळोखातच संपते. शेवटी उजेडाची ओळ नाही. तरी ती प्रार्थना आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत देवाशीच बोललेली. मदर तेरेसा यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पत्रांतून कळले, की बाहेर हसतमुख असणाऱ्या या बाईंना आतून कित्येक दशके देवाचा गोडवा जाणवत नव्हता. म्हणून त्यांची प्रीती खोटी होती, असे कोण म्हणेल? आनंद असणे हा पुरावा नाही आणि नसणे हाही नाही.

आणि हो, स्वतःला नाकारा, वधस्तंभ उचला, हे येशूचे बोल मी विसरलेली नाही. मार्कच्या आठव्या अध्यायात ते आहेत, आणि ते पातळ करायची माझी इच्छा नाही. पण लगेच पुढचे वाक्य वाचा : जो माझ्यासाठी जीव गमावील तो त्याला वाचवील. गमावायला सांगताना येशू वाचण्याचीच आशा दाखवतो. इब्री लोकांस पत्राच्या 12व्या अध्यायात तर म्हटले आहे, की त्याने स्वतः वधस्तंभ सोसला तोही पुढे ठेवलेल्या आनंदाकरिता. तेव्हा नाकारायचे आहे ते देवावाचून सुखी होण्याचे आपले बेत. आनंद होण्याची शक्तीच खुडून टाकायची, असे तिथे लिहिलेले नाही.

आता नोकरी. देव कधी माणसाला नकोशा वाटेने पाठवतो का? पाठवतो, योना संदेष्ट्याला निनवे शहराकडे पाठवले. पण योनाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय लोक वाचत नाहीत. निनवे वाचले आणि योना रागाने मरायला टेकला. काम तर झाले होते; देवाला तेवढेच हवे असते तर पुस्तक तिसऱ्या अध्यायात संपले असते. त्याला योनाचे मनही हवे होते. पौल फिलिप्पैकरांना लिहितो, की तुमच्या ठायी इच्छा आणि कृती दोन्ही देवच घडवतो. शिकवण्याची तुमची ओढ त्याने घातलेली नसेलच, हे तुम्ही कशावरून ठरवले? तुमच्या पत्रात वर्गाबद्दल चारच ओळी आहेत, पण बाकी सगळ्या पत्रापेक्षा त्यांत जीव आहे.

तरी नकार देऊन मोकळ्या व्हा, असेही मी म्हणणार नाही. आवड हा एक पुरावा आहे, निकाल नव्हे. आवडीच्या आडून आळस आणि भीतीही बसतात. म्हणून ‘मला सुख कशात’ आणि ‘मला त्रास कशात’ हे दोन्ही प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. त्यांऐवजी हे पाहा : त्या कार्यालयात नेमके काय काम आहे, ते तुम्हाला येते का, तुमच्यावाचून ते अडणार आहे का? वर्गातून तुम्ही गेलात तर कोणाचे काय जाईल? तुम्हाला जवळून ओळखणारी, पण या निर्णयात ज्यांचा काही फायदा नाही अशी दोन माणसे काय म्हणतात? मानधन किती, किती वर्षांसाठी, वरिष्ठ कोण, नाही जमले तर परतीची वाट काय, हे त्या ज्येष्ठांना स्पष्ट विचारा. सेवेच्या बाबतीत व्यवहाराचे प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास, असा एक समज आपल्याकडे आहे. त्या समजापायी कित्येक चांगली माणसे पिळून निघाली आहेत.

आणि आत्ता निर्णय घेऊ नका. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचा या बाबतीतला नियम मला पटतो, आणि त्यासाठी त्यांच्या परंपरेचे असण्याची गरज नाही : मन अंधारलेले, अस्वस्थ असताना मोठा बदल करू नये, उजेडात असताना जे ठरवले होते त्यावर टिकून राहावे. आणखी एक खूण ते सांगतात. देवाच्या वाटेवर प्रामाणिकपणे चालणाऱ्याला कुरतडणारी, खोटी कारणे पुढे करून पायात पाय घालणारी बेचैनी चांगल्या आत्म्याची नसते. चांगला आत्मा धीर देतो. हे त्यांना अनुभवाने कळले होते. स्पेनमधल्या मान्रेसाला असताना आपली पापांची कबुली पुरी झाली की नाही, या शंकेने त्यांनाही असेच पोखरले होते.

रोजच्या प्रार्थनेबद्दल सांगायचे तर, मागायला लागा. रोज एक तरी गोष्ट स्वतःसाठी, नाव घेऊन. गेथशेमाने बागेत येशूने आधी आपल्याला काय हवे ते सांगितले, प्याला टळून जावो म्हणाला, आणि मग ‘तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असे म्हटले. पहिले वाक्य गिळून दुसरे म्हटले तर तुम्ही देवाच्या हाती काय दिलेत? रिकामी मूठ. पौलानेही शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनवले. तो निघाला नाही, तरी त्याला कोणी गिऱ्हाईक म्हटलेले नाही.

तपासणी पूर्ण सोडवत नसेल, तर तिला वेळ नेमून द्या : झोपण्यापूर्वी थोडा वेळ, प्रार्थना करताना किंवा गाताना अजिबात नाही. आणि तेव्हाही हेतूंचा तळ शोधू नका, तळ लागत नाही. माणसांबद्दल विचारा. आज मी कोणाशी कशी वागले? दुसऱ्याचे भले झालेले ऐकून मला आनंद झाला का? मागितलेले मिळाल्यावर प्रार्थना पातळ झाली का? काही मिळावे म्हणून मी खोटे बोलले का? खरा सौदा चालू असेल तर तो इथे उघडा पडतो. योहानाच्या पहिल्या पत्राची कसोटी हीच आहे : डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर जो प्रीती करत नाही, तो न दिसणाऱ्या देवावर करू शकत नाही. ती प्रत्येकाला लावता येते, आणि तिचे उत्तर संध्याकाळपर्यंत मिळते.

एक गोष्ट जरा बिचकत विचारते, कारण अशी पत्रे मला आणखीही येतात. तीच प्रार्थना ‘नीट’ होईपर्यंत पुन्हापुन्हा करावी लागते का? त्यात तास जातात का, झोप उडते का, कोणी कितीही धीर दिला तरी तो थोड्या वेळात विरून पुन्हा विचारावेसे वाटते का? तसे असेल तर हा केवळ श्रद्धेचा प्रश्न नाही. मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, धार्मिक रूपातही येतो, आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. पाळकांनाही सांगा, म्हणजे दोघांचा सल्ला एकमेकांना छेद देणार नाही. यात विश्वास कमी पडल्याची लाज नाही. अशा वेळी माझे हे पत्रही धीरासाठी रोज वाचू नका. तेही त्या चक्राचा भाग होऊन बसेल.

त्या ज्येष्ठांना सध्या एवढेच कळवा : ‘तुमच्या बोलावण्याचा मी मनापासून विचार करत आहे. मला काही गोष्टी विचारायच्या आहेत आणि काही महिने हवे आहेत. तोवर मी वर्गातच आहे.’ ‘नकार’ हा शब्द नको, ‘होकार’ही नको, आणि क्षमायाचना तर मुळीच नको. ते समजूतदार असतील तर थांबतील. आणि ‘देवाचे पाचारण असे लांबवायचे नसते’ म्हणून घाई करू लागले, तर त्यांच्या संस्थेबद्दल आधी दोन-चार जणांकडे चौकशी करा.